पाच ताऱ्यांचं घर

आमच्या घराला पाच तारे मिळाले होते. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले असतात तसेच. पण हे तारे सांगायचे की या घराला वीज कमी लागेल, भर दिवसा दिवा लावावा लागणार नाही आणि उन्हाळ्यात पंख्याशिवायही खोल्या थंड राहतील. तारे छापलेला जाड, गुळगुळीत कागद, वर एक हिरवं पान आणि खाली सही. मालवणजवळच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या उघड्या कातळावर बांधलेल्या त्या नव्या वसाहतीतल्या प्रत्येक घराला असा एकेक कागद मिळाला होता. आईने आमचा कागद काचेच्या चौकटीत बसवून आणला आणि देवांच्या शेजारी खिळा ठोकून लावला.

मी म्हटलं, "आये, तो काय देव आसा?"

"सही कोणाची आसा ती बघ, मगे बोल," आई म्हणाली.

सही माझ्या मैत्रिणीची होती. मैत्रीण हा शब्द आता लिहितानासुद्धा हात आखडतो, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

ती आरोंद्याची. अठ्ठ्याण्णव साली अकरावीला ती मालवणात शिकायला आली, लांबच्या एका नातेवाइकांकडे राहिली, आणि वर्गात माझ्या शेजारी बसली. त्या नातेवाइकांच्या घरी सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी असं काही ना काही चालूच असायचं, आणि खाडीकाठच्या या पोरीला माशाशिवाय घास जात नसे. मग शनिवारी दुपारी ती माझ्याबरोबर एसटीने आमच्या गावी, तोंडवलीला यायची, ती रविवारी संध्याकाळी परत. आमचं घर अगदी वेळेवर, म्हणजे समुद्राच्या काठावर, सुरूच्या झाडांच्या आड. आई मालवणच्या बाजारात मासळी विकायची, पण शनिवारची सुंगटं, म्हणजे कोळंबी, विकायला जात नसत. ती तिच्यासाठी असायची. मला मेलीला हे दिसायचं, रागही यायचा, आणि तरी तिच्या ताटातलं सुंगट मी पळवलं तर तीच हसून दुसरं पुढे करायची. अशा माणसावर किती वेळ रागावणार?

बाबाचा तर तिच्यावर फारच जीव. (आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, म्हणून मीही इथे करणार नाही.) बाबा रापणीवर होता, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं दोरांनी ओढणाऱ्या माणसांत. दिवसभर ओढून आला की त्याला गप्प बसायचं असे. पण ही पोर त्याला प्रश्न विचारायची. वारा दुपारनंतर का फिरतो, नळ्यांच्या छपराखाली गारवा का राहतो, पडवी याच बाजूला का काढली. बाबा सांगायचा, आणि सांगता सांगता त्याची कळी खुलायची. मी त्याची सख्खी मुलगी, पण मला असले प्रश्न कधी पडले नाहीत. मला पडायचा तो एवढाच की आज कालवण कशाचं.

"हिच्या डोक्यात उजेड आसा," बाबा म्हणायचा. माझ्या डोक्यात काय आहे ते त्याने कधी सांगितलं नाही.

बारावीनंतर ती पुण्याला गेली, इंजिनियर झाली. त्या दिवशी बाबाने रापणीवरच्या सगळ्यांना मालवणी खाजं वाटलं. मी बी. ए. झाले तेव्हा चहा पाजला होता. मी मालवणातच एका वकिलांच्या कचेरीत टायपिंगला लागले आणि तिथेच राहिले. ती मात्र पुढे आणखी काहीतरी शिकली. घराची तपासणी करायची, कुठल्या भिंतीवर किती ऊन येतं, भिंत किती उष्णता गिळते, वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, याचं गणित मांडायचं आणि घराला तारे द्यायचे. एका चतुर्थीला आमच्याकडे आली असताना तिने हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "ह्या शिकूक पुण्याक जावचा लागता? माझ्याकडे इलंस असतंस तर फुकट सांगलंय असतंय." सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली. बाबा मात्र आईवर उखडला. शिकलेल्या माणसाची टिंगल करू नये म्हणाला.

मग बाबा आजारी पडला. सकाळी रापणीचा दोर ओढताना दोर त्याच्या हातातून सुटला आणि तो वाळूत बसला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. आमच्या घरापर्यंत गाडी येत नव्हती; रापणीवरच्या माणसांनी त्याला खुर्चीत बसवून, सुरूच्या बनातून वाळू तुडवत रस्त्यापर्यंत आणलं. डॉक्टरांनी बजावलं की रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकता कामा नये, आणि याला तापू देऊ नका, गार ठेवा. आणि शक्यतो दवाखान्याच्या जवळ राहा.

गार ठेवा! ते दिवस भारनियमनाचे. दुपारची वीज जायची ती संध्याकाळी उगवायची. तोंडवलीचं घर पंख्याशिवायही गार होतं, पण तिथे डॉक्टर पोचत नव्हता. मालवणात भाड्याच्या खोल्या पाहिल्या, त्या पत्र्याच्या नाहीतर दुकानावरच्या. आई रडकुंडीला आली. आणि तेव्हाच पुण्याहून तिचा फोन आला.

सड्यावर नवी वसाहत होते आहे, म्हणाली. बांधणाऱ्याने घरं तपासायचं काम तिलाच दिलं होतं, तिचं स्वतःचं असं ते पहिलंच मोठं काम. वीज गेली तरी थंड राहतील अशी घरं, दवाखाना हाकेच्या अंतरावर, दारापर्यंत डांबरी रस्ता. मला तर देवच पावला.

बाबा तयार होईना. आम्हा वेळेवरच्या माणसांना सडा म्हणजे तापलेला तवा. झाड नाही, सावली नाही, नुसता काळा कातळ. "मी तव्यार मरूक जावचंय नाय," असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईचं ऐकेना, माझं तर नाहीच नाही.

शेवटी ती पुण्याहून आली. बाबाच्या खाटेवर बसली, त्याचा चांगला हात हातात घेतला. बाबाने तिला एवढंच विचारलं, "माका थंय उकाडो होवचो नाय मां?"

"नाय होवचो, काकानू. एकेका घरात मी स्वता फिरलंय. एकेक खोली तपासलंय."

बाबाने मान हलवली. संपलं. ज्या माणसाला आम्ही महिनाभर विनवत होतो, तो एका वाक्यावर उठायला तयार झाला. मला तेव्हा आनंदच झाला. थोडं वाईटही वाटलं, पण ते मी गिळलं. तोंडवलीची जागा आम्ही विकली. घेणाऱ्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. त्याने आमचं घर पाडायला सणवार पाहिला नाही. म्हणजे परतीची वाट आम्ही आमच्याच हाताने बंद केली.

वसाहतीत घरांच्या दोन रांगा होत्या, मध्ये रस्ता, आणि घरांची दारं रस्त्याकडे. म्हणजे एका रांगेचं दार पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. नमुन्याचं घर पश्चिमेच्या दाराचं होतं. मी आणि आई ते पाहून आलो. पुढे बसायची खोली, मागे निजायची खोली, तिच्या शेजारून स्वयंपाकघरात आणि मागीलदारी जायची वाट. भर दुपारी निजायची खोली थंडगार होती. आई जमिनीवर बसली आणि म्हणाली, हयसरच तेंची खाट घालतलंय.

"सगळी घरं अशीच," बांधणाऱ्याचा माणूस म्हणाला. "नकाशा एकच. कुठलंही घ्या."

आता कुठलंही घ्या म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस काय घेईल? पूर्वेचं दार. सकाळी दार उघडलं की सूर्य समोर, उंबऱ्यावर ऊन, तुळशीला पाणी घालताना तोंड उगवतीकडे. त्यापुढे दुसरं काही पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही. पूर्वेच्या दाराची रांग आधी भरली आणि दुसरीसाठी गिऱ्हाईक शोधावं लागलं. आम्हाला त्या रांगेतलं शेवटून दुसरं घर मिळालं, तेव्हा आईने देवीची ओटी भरली. मी आनंदाने पुण्याला तिला फोन लावला.

"पूर्वेचा दार गावला आमका!"

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"बरा झाला," ती म्हणाली. मग तिला कुठेतरी जायचं होतं, तिने फोन ठेवला.

माघात आम्ही राहायला आलो. शेजारच्या म्हाताऱ्याने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी त्याला होकार भरला. पुण्याहून ती यायची होती, पण आली नाही. कामं होती म्हणे. फाल्गुन बरा गेला. बाबा मागच्या खोलीत पडून छताकडे बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की हे घर साधंसुधं नाही, याला तारे आहेत, आमच्या चेडवाने, म्हणजे पोरीने दिलेले.

चैत्रात घराने आपलं खरं रूप दाखवलं. दुपारी जेवणं आटपली की ऊन मागच्या भिंतीवर यायचं आणि दिवस बुडेपर्यंत तिथून हलायचं नाही. वीज नेमकी तेव्हाच गेलेली. मागची भिंत हाताला सोसवत नसे. आई ओल्या चादरी टांगायची, त्या घटकेत सुकायच्या. आम्ही बाबाची पाठ पुसायचो आणि पुसता पुसता आमच्याच अंगाचं पाणी त्याच्यावर गळायचं. आणि या सगळ्या वेळात पुढची बसायची खोली सावलीत, रिकामी आणि गार.

एका दुपारी मी समोरच्या रांगेतल्या शेजारणीकडे ताक मागायला गेले. ती मागच्या खोलीत चादर अंगावर घेऊन झोपली होती. चादर घेऊन! मी तिच्या खिडकीशी उभी राहिले. तिची मागची खोली पूर्वेला, आमची पश्चिमेला. नकाशा एकच, खोटं नाही, फक्त आरशात धरावा तसा उलटा. त्यांचं घर सकाळी कोवळं ऊन खाऊन मोकळं होणारं, आमचं दुपारभर भाजून निघणारं. शाळेतल्या पोराला कळेल एवढी सोपी गोष्ट, आणि ती मला ताकाचं भांडं हातात धरून कळली.

तरी मी माझ्या मनाला काय सांगितलं असेल? की तारे देणारीने यंत्रांनी मोजलं असणार. की भिंतीत काहीतरी घातलं असेल, ज्याचा गुण यायला वेळ लागत असेल. मी दिवसभर लोकांचे करार टाइप करणारी बाई. सही करणारा माणूस काय काय न वाचता सही करतो ते रोज बघणारी. आणि मी तिच्या वतीने स्वतःशीच वकिली करत होते.

पण बाबाने माझ्याही वरताण केली. त्याने घराला दोष द्यायचंच नाकारलं.

"घर थंड आसा," तो म्हणाला. "माझ्याच आंगात आग आसा. औषधां उष्ण पडतत."

हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आमच्याकडे औषध उष्ण पडणं ही काही नवी गोष्ट नाही; गोळी घेतली की लोक वर सोलकढी पितात. पण बाबाने गोळीच टाळायला सुरुवात केली. लुळ्या गालात ती धरून ठेवायचा, आम्ही पाठ फिरवली की थुंकायचा. आई त्याचं अंथरूण झाडत होती तेव्हा उशीखालून विरघळलेल्या, पिवळ्या पडलेल्या गोळ्या निघाल्या. तिने त्या ओंजळीत घेऊन मला दाखवल्या.

मी बाबाला समजावलं. ऊन कुठून येतं ते सांगितलं, समोरच्या शेजारणीचं सांगितलं. खाट पुढच्या खोलीत नेऊ या म्हटलं. तो ऐकून घेत होता, आणि मला वाटलं, पटतंय.

"थंड खोलयेतसून उठवन माका हॉलात कित्याक न्हेतास?" तो म्हणाला. "तिना तपासल्यान हा. तू कागद टाइप करतंस, ती घरां बघता."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, त्यालाही तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा उशीखाली. आता एकाच माणसाचा शब्द त्याच्यावर चालणार होता. मी तिला फोन केला आणि म्हटलं, काही कर, पण ये. बाबा गोळ्या घेत नाही. ती येते म्हणाली.

वैशाखातल्या दुपारी ती आली. रिक्षातून उतरली, घामाने डबडबलेली, पण तेच हसू. आईने तिला कवटाळलं. आमच्याकडे पाहुणा पुढे बसतो आणि घरचं माणूस आधी मागीलदारी जातं. पाय धुवायचे, तोंडावर पाणी मारायचं, आणि मगच घरात वावरायचं. त्यातून घरात आजारी माणूस असेल तर न धुतल्या पायांनी त्याच्या खाटेशी जायचं नाही. तोंडवलीला पहिल्या शनिवारपासून ती असंच करत आली होती. आताही तिने पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढून हातात घेतल्या आणि कुणाला काही न विचारता, घरच्या पोरीच्या हक्काने, आत शिरून डावीकडे वळली.

नमुन्याच्या घरात मागीलदार डावीकडे होतं. आमच्यात ते उजवीकडे. डावीकडे बाबाची खोली.

ती धुळीच्या पायांनी, हातात चपला घेऊन बाबाच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिली. खोलीतली धग तिच्या तोंडावर आली असणार, कारण ती एक पाऊल मागे सरली. मी तिच्या मागेच होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलं. एकेका घरात फिरलेली, एकेक खोली तपासलेली! या रांगेतल्या एकाही घराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता.

"इलंस गो बाये?" बाबाचा चेहरा उजळला. त्याला तिच्या पायांशी काही देणंघेणं नव्हतं.

"पाय धुवन येतंय, काकानू," ती कशीबशी म्हणाली.

मी तिला मागीलदारी घेऊन गेले. ती पायांवर पाणी ओतत राहिली, पाय केव्हाच स्वच्छ झाले तरी.

"हय येवक नाय होतंस तू," मी म्हटलं.

"नमुन्याचा घर तपासलंय. बाकीची..." ती थांबली. "नकाशो एकच होतो. बांधणाऱ्याक कागद लवकर होये होते. सगळे असाच करतत."

"आणि मी फोन केलंय तेव्हा? पूर्वेचा दार म्हटलंय तेव्हा?"

ती रडायला लागली. मला तिचे अश्रू नको होते, मला उत्तर हवं होतं, आणि ते तिने दिलं.

"तेव्हाच कळला माका. पण कागद दिले होते. तुमच्या एका घराचा सांगलंय असतंय तर आख्खी रांग दारात उभी ऱ्हवली असती. माझा नाव गेला असता. माझा पहिलाच काम..."

म्हणजे ती रेंज गेली नव्हती. त्या शांततेत तिने एका बाजूला तिचं नाव ठेवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला बाबाला, आणि जड काय ते ठरवून ती बरं झालं म्हणाली होती. तेव्हा तोंडवलीचं घर पाडलं नव्हतं. तेव्हा समोरच्या रांगेत घरं रिकामी होती. एका वाक्याचं काम होतं, एका वाक्याचं! आजवर मला अनेकांनी फसवलं, भाजीवाल्यापासून ठेकेदारापर्यंत, पण हिने केसाने गळा कापला. आमच्या शनिवारच्या सुंगटांवर वाढलेल्या या पोरीने.

मला तिला घरातून हाकलून द्यावंसं वाटत होतं. पण बाबा आत होता आणि त्याची गोळी उशीखाली होती.

"माका तुझ्याकडसून काय नको," मी म्हटलं. "कोणाक सांगूचंय नाय, कागद फाडूचंय नाय. तू फक्त बाबाक सांग. घर तापता, तुझा आंग नाय. खाट पुढे घे, औषधां खा. तुझा ऐकतलो तो."

तिने डोळे पुसले. "सांगतंय," म्हणाली. "सांगतंय गो. तेंका सांगूकच होया."

आणि मी तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवला. याचं मला आजही नवल वाटतं.

आम्ही खोलीत गेलो. आई पंख्याने वारा घालत होती. माझ्या पाठोपाठ येऊन ती खाटेवर बसली, बाबाने आपला चांगला हात पुढे केला, तिने तो धरला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत उशीत जात होता.

"बाये, ही माका येडो समाजतत," बाबा म्हणाला. जड जिभेने, सावकाश, पण एकेक शब्द कळत होता. "म्हणतत घर तापता. मी सांगतंय, घर थंड आसा, तुया तपासलंस. माझ्याच आंगात आग आसा. ही औषधां उष्ण. खरां मां?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून. आईने पंखा थांबवला.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होता, तोंडवलीच्या पडवीत बघायचा तसा, उजेड असलेल्या डोक्याकडे.

"होय, काकानू," ती म्हणाली. "औषधांचीच उष्णता ती."

क्षणभर मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले. खोटं बोलते ही, बाबा, हिने हे घर बघितलंसुद्धा नाही, आत्ता मागीलदारी माझ्याकडे कबूल केलंन. तिला खांद्याला धरून हलवलं. सांग, सांग त्याला! ती खाली मान घालून बसली, बाबाचा हात तसाच धरून.

"गप!" बाबा म्हणाला. आजारपणानंतर त्याचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "घरात इलेल्या माणसाक असा बोलतत? तिचा बरा झाला ता तुका बघवणा नाय. पयल्यापासून."

आई रडत होती. मी बाहेर आले. थोड्या वेळाने तीही बाहेर आली, कोपऱ्यात ठेवलेली आपली पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर गेली, मागे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी दार धरून उभी होते. ते पूर्वेचं दार मी तिच्या तोंडावर लावलं.

पुढे लोकांनी मला समजावलं. म्हणाले, त्याच्या तोंडावर सांगायचं तिला धाडस झालं नसेल, त्याच्या डोळ्यांतून उतरायची भीती वाटली असेल, शेवटी तिचाही जीव होताच त्याच्यावर. असेल. जीव होता म्हणून मी काय करू? तिच्या नावासाठी तिने आम्हाला एकदा विकलं ते मी कदाचित कधीतरी पचवलं असतं. पण बाबाचा हात हातात धरून, त्याचा घाम बघत, ती जे बोलली ते मला पचत नाही. ज्या खोट्यापायी तो गोळी टाळत होता ते मोडायला तिला मागीलदारी स्पष्ट सांगितलं होतं, तेच तिने त्याला पाजलं.

त्यानंतर बाबाने गोळी लपवणं बंद केलं. आता लपवायची गरजच नव्हती. तो सरळ तोंड मिटायचा. डॉक्टर घरी आले तर त्यांनाही तो सांगायचा की इंजिनियर चेडवाने सांगितलंय, औषधं उष्ण आहेत. आई सोलकढीत गोळी कुस्करून द्यायची, ती त्याला कळायची आणि तो वाटी लोटून द्यायचा. खाट हलवू द्यायचा नाही. आम्ही दोघींनी एकदा जबरदस्तीने खाट उचलायला घेतली, तर त्याने चांगल्या हाताने खिडकीचा गज धरला आणि सोडेना. तसा धरून तो आमच्याकडे बघत राहिला, जणू आम्हीच त्याचं काही चोरून नेत होतो. आम्ही खाट खाली ठेवली.

मृग लागायच्या आधीच त्याला दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डावी बाजूही गेली होती आणि बोलणं पूर्ण थांबलं होतं. डोळे तेवढे उघडे.

आम्ही त्याची खाट पुढच्या खोलीत घातली. आता त्याला नाही म्हणता येत नव्हतं. दुपारी तिथे सावली होती, दारातून वारा येत होता आणि त्याचं कपाळ कोरडं होतं. आईने त्याला विचारलं, बरं वाटतं का. तिने पुन्हा विचारलं. मग ती उठून मागच्या खोलीत गेली आणि तिथे, त्या भाजणाऱ्या भिंतीला पाठ लावून, दिवस बुडेपर्यंत बसून राहिली.